झाकून ठेवलेली डबी

आमच्या हॉलच्या भिंतीवर एक पोलादी खिळा आहे आणि त्याला काहीही टांगलेलं नाही. तो पप्पांनी पेटंटच्या सर्टिफिकेटसाठी ठोकला. पेटंट मिळालं नव्हतं, अर्ज गेला नव्हता, ज्या डबीचं पेटंट घ्यायचं तिचं झाकणही धड बसत नव्हतं; खिळा मात्र ठोकून झाला होता. आई म्हणाली, "एवढी घाई कशाची?" पप्पा म्हणाले, "जागा धरून ठेवलेली बरी. नाहीतर तू तिथं कॅलेंडर लावशील." आई खरंच लावणार होती.

आम्ही संत तुकाराम नगरमध्ये राहतो. पप्पांनी उभी हयात पिंपरीतल्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात, काढली. रिटायर झाले तरी त्यांचे हात रिटायर झाले नाहीत. घरातली एकही वस्तू त्यांनी दुकानातून आली तशी राहू दिलेली नाही. मिक्सरच्या झाकणाला स्प्रिंग आहे. झाडूला हँडल आहे. बाथरूमची कडी आधी उचलायची, मग फिरवायची, मग खाली दाबायची, असा तिचा क्रम आहे. मला बघायला आलेल्या मंडळींपैकी मुलाची मावशी त्या बाथरूममध्ये अडकली आणि बाहेरून पप्पा तिला शांतपणे सूचना देत राहिले, "उचला. आता फिरवा. आधी उचललंत का?" त्या स्थळाकडून पुढे काही कळलं नाही. मला वाईट वाटलं नाही, मुलगाही तसा बाथरूमच्या कडीसारखाच होता.

कंपनीत पप्पांच्या या खोडीला कायझेन म्हणायचे. कामात सुधारणा सुचवायची, ती पटली तर कंपनी वापरणार आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा देणार. आमचा ओटा त्या डब्यांनी भरलेला आहे. तूरडाळीच्या डब्यात पप्पांचं पत्रा न सरकण्याचं क्लॅम्प आहे, साखरेच्या डब्यात हात न चिरडण्याचं गार्ड आहे, आणि रव्याच्या डब्यात काय होतं ते आता त्यांनाही आठवत नाही. कल्पना कंपनीच्या झाल्या आणि डबे आईचे झाले. नोटीस बोर्डावर मात्र दरवेळी लाइनचं नाव यायचं, मग सुपरवायझरचं नाव, आणि मग 'व टीम'. पप्पा आयुष्यभर 'व टीम' होते.

आमच्या आडनावाबद्दलही सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मी ते इथं लिहीत नाही. ज्याला या भागातली आडनावं कळतात त्याला ते ऐकलं की आमची वस्ती, आमचा विहार आणि आमची निळी कमान लगेच कळते. पप्पा गावाहून आले तेव्हा खोली बघायला गेले की घरमालक आधी भाडं सांगायचा, मग पाणी किती वाजता येतं ते सांगायचा, मग सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" त्यानंतर ती खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्याला आठवायचं. तेव्हापासून पप्पांना फक्त पहिलं नाव सांगायची सवय लागली. कंपनीत तर त्यांना सगळे टोकन नंबरनेच हाक मारायचे. एकदा जेवताना ते अचानक म्हणाले, "सरकारी कागदावर, शिक्क्याच्या खाली, माझं पूर्ण नाव पाहिजे. आडनावासकट. आणि पुढं 'व टीम' नको." आईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

आता डबी. नट आणि बोल्ट यांच्या मध्ये जी भोकाची चकती बसते तिला आमच्याकडे वायसर म्हणतात. वायसर तेलकट असतात आणि तेलामुळे एकाला एक चिकटतात. काम करणारा बोटांनी एक उचलतो, प्रत्यक्षात दोन आलेले असतात, ते दोन्ही बोल्टवर जातात, आणि मग पुढे कुठंतरी काहीतरी ढिलं राहतं आणि शिव्या खाल्ल्या जातात. पप्पांनी उतरती डबी केली. वायसर वरून ओतायचे, खाली खटका दाबायचा, आणि एक पातळ पट्टी सगळ्यांत खालचा वायसर बाकीच्यांपासून सोलून बाहेर ढकलते. एकच. तेल असो, ग्रीस असो, हातात मोजे असोत, एकच. पप्पांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तो खटका दाबतच बसले. शेंगा फोडताना होतं तसं होतं, थांबावंसं वाटत नाही.

घरातली पेटंटतज्ज्ञ मी. कारण मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रिसर्च सेलमध्ये आहे, आणि तिथं पेटंटचा कारखाना चालतो. प्राध्यापकांना वर्षाच्या शेवटी गुण लागतात. गुणांसाठी पेटंटचे अर्ज लागतात. त्यामुळे परीक्षा संपल्या की माझ्या टेबलावर शोध यायला लागतात. हुशार छत्री. बोलणारी कुंडी. झोप आली की आपोआप बंद होणारं पुस्तक. प्रत्येक शोधाला आठ-दहा जनक, त्यांत प्राचार्य पहिले, आणि ज्या विद्यार्थ्यानं काहीतरी खरंच केलं असेल तो शेवटून पहिला. अर्जाचा नंबर मिळाला की सगळे माझ्या टेबलाजवळ फोटो काढतात आणि त्या कुंडीकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नाही. कायद्याचा मूळ हेतू असा की माणसानं डोकं चालवावं, आपली युक्ती जगाला लिहून द्यावी, आणि बदल्यात वीस वर्षं ती फक्त त्यानं वापरावी; वीस वर्षांनंतर ती सगळ्यांची. हा सौदा मला कागदावर फार आवडतो. आमच्या कॉलेजात मात्र जगाला द्यायला कुंडीच असते.

म्हणून पप्पांच्या डबीला मी जीव लावला. कितीतरी दिवसांनी खरी वस्तू हातात आली होती. मी त्यांना समोर बसवून बजावलं, "अर्ज जाईपर्यंत ही कुणाला दाखवायची नाही. एकदा चारचौघांत दाखवली की ती नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही. दाखवली की संपलं." पप्पा म्हणाले, "मी काय लहान आहे?"

अडचण अशी होती की डबी चिखलीत होती, आणि चिखलीच्या त्या गल्लीत काहीही झाकून ठेवायची पद्धत नाही. तिथं पप्पांच्या मित्राची पत्र्याची शेड आहे. आम्ही त्यांना लातूरवाले काका म्हणतो. कंपनीत दोघं एकाच शिफ्टला असायचे, आता काकांच्या शेडमध्ये दिवसभर असतात; काका लेथ चालवतात आणि पप्पा त्यांना लेथ कसा चालवावा ते सांगतात. त्या गल्लीचा रिवाज असा की कुणी काही चांगलं जुगाड केलं की शेजारचा चहा घेऊन येतो, उकिडवा बसून ते बघतो, दोन प्रश्न विचारतो आणि म्हणतो, "बघून घेतलं." म्हणजे आता तो तसंच बनवणार. बनवल्यावर तो मूळ मालकाला बोलावून दाखवतो आणि मूळ मालक त्यातली चूक काढतो. याला तिथं कुणी चोरी म्हणत नाही. उलट तुमची वस्तू कुणी बघून घेतली नाही तर तुम्हाला वाईट वाटतं.

अशा गल्लीत पप्पांनी डबीवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा टाकला आणि कोणी विचारलं तर ते सांगायचे, "कबुतराचा सापळा आहे." एवढं सांगून थांबले असते तरी ठीक होतं. पण खोटं बोलतानाही त्यांना सुधारणा सुचतात. कबुतर आत कसं येतं, दाणा कुठं ठेवायचा, पाय कसा अडकत नाही, हे सगळं त्यांनी इतकं पटवून सांगितलं की पलीकडच्या वेल्डिंगवाल्यानं दोन सापळ्यांची ऑर्डर दिली.

इकडे मी आमच्या कॉलेजच्या एजंटाकडून मसुदा करून घेतला. एजंट म्हणजे वाकडला ऑफिस असलेला, सदैव फोन कानाला असलेला तरुण माणूस, पण कामाला पक्का. मसुदा अर्थात इंग्रजीत. मी तो पप्पांना मराठीत सांगायला बसले. त्यात वायसर हा शब्दच नव्हता. 'मध्यभागी छिद्र असलेल्या, चपट्या, गोल वस्तूंचा समुदाय' असं होतं.

"हे मेदूवड्याचं पेटंट आहे का?" पप्पांनी विचारलं.

मी एजंटाला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "काका, नुसतं वायसर लिहिलं तर कुणीतरी तीच डबी नाण्यांसाठी बनवेल आणि म्हणेल, माझी वेगळी. म्हणून जाळं मोठं टाकायचं."

पप्पांना ते एकदम पटलं. "मग मेदूवडाही येऊ द्या आत," ते म्हणाले. आणि खरंच त्यांनी त्या रात्रीपासून मेदूवड्याकडे मालकी हक्कानं बघायला सुरुवात केली.

अर्ज आठवडाभर आधी जाऊ शकला असता. पण पप्पांनी दिवस निवडला होता: विजयादशमी. आमच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना घ्यायची, आणि घरी येऊन अर्जाचं बटण दाबायचं, असा त्यांचा बेत होता. लातूरवाल्या काकांनाही तो दिवस पसंत, कारण त्यांचा दसरा. दोघांचा दिवस एक, कारणं वेगळी, आणि दोघंही खूश. मी म्हटलं, चांगल्या कामाला आजचा दिवस चांगला, आत्ता सही करा. पप्पा म्हणाले, "उभी जिंदगी थांबलो, चार दिवसांनी काय होतंय?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खंडेनवमीला चिखलीत मशीन बंद असतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, पाने, हातोडे, सगळं धुऊनपुसून, तेलाचं बोट लावून, हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घालून मांडतात. शटर सताड उघडी. संध्याकाळी सगळी गल्ली एकमेकांच्या शेडमध्ये पेढा खायला जाते. पप्पा पूजा करत नाहीत. ते दरवर्षी बाजूला हात बांधून उभे राहतात, पूजा झाली की सगळ्यांत जास्त पेढे तेच खातात.

पुढचं मला काकांकडून नंतर कळलं. काकांनी सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं आणि साडीच्या तुकड्यापाशी येऊन थांबले.

"काढ ते फडकं," काका म्हणाले.

"नको. पोरीनं सांगितलंय."

"झाकून ठिवलेल्या हत्याराची पूजा व्हती का कुठं? एक बी तसंच राहिलं तर वरीसभर रुसून बसतंय."

"माझा विश्वास नाही त्याच्यावर."

"तुझा न्हाई, माझा हाय. आन् शेड बी माझंच हाय."

शेवटी दोघांनी मिळून मार्ग काढला की फडकं काढायचं, पण कुंकू लावेपर्यंत शटर अर्धं खाली ओढायचं. गुप्ततेसाठी. आता, खंडेनवमीच्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत एकच शटर अर्धं खाली असलं तर काय होईल हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. कुणाला वाटलं लातूरवाल्या काकांना चक्कर आली. कुणाला वाटलं आत भांडण झालं. एकेक जण कमरेत वाकून आत यायला लागला.

आत माळ घातलेली डबी. वेल्डिंगवाल्यानं बघून विचारलं, "हा सापळा? यात कबुतर मावतं कसं?" पप्पांनी त्याच्यापुढे पेढा केला. तेवढ्यात पप्पांकडे बोट करून कुणीतरी मागून म्हणालं, "अहो, या काकांनी बनवलंय ना, बाथरूमची कडी असणार." सगळे हसले. मावशीची गोष्ट चिखलीपर्यंत पोहोचली होती. ती पोहोचवणारे पप्पाच होते.

पप्पांना मी ओळखते. त्यांना उपाशी ठेवा, उन्हात उभं करा, ते कुरकुरणार नाहीत. पण त्यांनी बनवलेल्या वस्तूला हसू नका.

मी अर्जाचे कागद घेऊन, त्यांची सही घ्यायला म्हणून, गाडीवरून त्या गल्लीत शिरले तेव्हा शटर पूर्ण वर होतं. शेडसमोर माणसांची भिंत होती. आतून पप्पांचा आवाज येत होता, "आणखी तेल ओता. ओता. हां, आता दाबा. किती?" आणि सगळी गल्ली एका सुरात म्हणत होती, "एकच." बायका, पोरं, शेजारचा टपरीवाला, सगळ्यांनी रांग लावून खटका दाबून पाहिला. वेल्डिंगवाला व्हिडिओ काढत होता. कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला आधीच उकिडवा बसला होता, चहाचा कप हातात. त्यानं पट्टीची जाडी बोटानं मोजली, मान वर केली आणि म्हणाला, "बघून घेतलं."

मी तिथंच ओरडले. सगळ्या गल्लीदेखत, सणाच्या दिवशी, पेढे हातात घेतलेल्या माणसांसमोर मी माझ्या बापावर ओरडले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पप्पांच्या कपाळावर घाम होता, शर्टावर तेल होतं, आणि चेहरा इतका आनंदी होता की माझा राग आणखी वाढला. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खाली पडलेला साडीचा तुकडा उचलला आणि डबीवर टाकला. सगळ्यांसमोर. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी, विहारातून आल्यावर, पांढऱ्या कपड्यांतच त्यांनी मला एजंटाला फोन लावायला सांगितला. एजंटानं सगळं ऐकून घेतलं. तोवर तो व्हिडिओ 'काकांची एकच डबी' या नावानं (गल्लीत पप्पाही काकाच) यूट्यूबवर चढलेला होता, वर कुठल्यातरी लग्नातल्या ढोलाच्या गाण्याचं संगीत लावून. भोसरीपासून चाकणपर्यंत सगळ्या वर्कशॉपच्या ग्रुपवर तो फिरत होता. एजंट म्हणाला, "काका, आता ती नवी राहिली नाही. सगळ्यांची झाली."

"सगळ्यांची म्हणजे कुणाची?"

"म्हणजे कुणाचीच नाही. कुणीही बनवू शकतो."

पप्पांनी फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात एक आशा दिसली. यूट्यूबवरून तो व्हिडिओ गायब झाला. ढोलाच्या गाण्याचे हक्क एका म्युझिक कंपनीकडे होते आणि तिनं तक्रार केली होती. पप्पा धावत माझ्याकडे आले. "निघाला व्हिडिओ! आता परत नवी झाली का?" मी एजंटाला विचारलं. नाही झाली. दाखवलेलं दाखवलेलंच राहतं. शिवाय तोवर गल्लीत तिघांनी डब्या बनवल्या होत्या आणि फॅब्रिकेशनवाला पप्पांना त्याची डबी बघायला बोलावून गेला होता.

पप्पांना यातलं एक काही केल्या पटेना. "गाण्याला मालक आहे आणि डबीला नाही?"

"गाणं रचलं की हक्क आपोआप येतो. अर्ज लागत नाही. आणि रचणारा गेल्यावरही साठ वर्षं राहतो."

"गेल्यावर साठ वर्षं!" पप्पा म्हणाले. "आणि माझी डबी पेढा खाऊन होईपर्यंत."

मग ते म्हणाले, मी वायसरवर गाणं रचायला पाहिजे होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ते मात्र कृपा करून नको.

कॉलेजातल्या एका सरांच्या कानावर ही हकिगत गेली. ते माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "कोण बघतंय ताई? व्हिडिओ तर गेलाच. कॉलेजतर्फे टाकू अर्ज. थोडं ए.आय. घालू. प्राचार्यांचं नाव, माझं, आणि तुमच्या वडिलांचंही घेऊ की." मी तो निरोप जसाच्या तसा घरी सांगितला. खरं तर मला मनातून वाटत होतं की पप्पांनी हो म्हणावं. खोटं तर खोटं, पण खिळ्याला काहीतरी लागलं असतं.

पप्पांनी विचारलं, "माझं नाव कितवं?"

"शेवटी."

"म्हणजे पुन्हा व टीम." पप्पा म्हणाले. "आणि फॉर्मवर लिहायचं की हे आधी कुणी पाहिलेलं नाही. ती सगळी गल्ली पाहून गेली. उद्या कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं?"

तो विषय तिथं संपला, पण पप्पाही जणू त्याबरोबर संपले. शेडमध्ये जाणं कमी झालं. मिक्सरच्या झाकणाची स्प्रिंग तुटली तर त्यांनी तिथं रबरबँड लावला. आईनं तो रबरबँड पाहिला आणि ओट्याशी उभी राहून रडली. मला म्हणाली, "याच्यापेक्षा बाथरूममध्ये आणखी एक कडी बसवली असती तरी चाललं असतं गं." मीही कमी घाबरले नव्हते. रोज ऑफिसातून आले की आधी बघायची, घरात काही मोडून नवीन केलंय का. सगळं जिथल्या तिथं असायचं.

दिवाळी होऊन गेल्यावर लातूरवाल्या काकांना जुनं ड्रिल मशीन घ्यायचं होतं, चाकणला एका छोट्या युनिटमध्ये विकायला निघालेलं. काकांचा गुडघा दुखत होता. त्यांनी पप्पांना गळ घातली, तू बघून ये. माझी सुट्टी होती, मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. वाटेत नेहमीप्रमाणे गाडी कशी चालवावी ते त्यांनी सांगितलं नाही, यावरूनच त्यांची अवस्था कळावी.

युनिटचा मालक बाहेर गेला होता. आम्हाला आत बसवलं. असेंब्लीच्या टेबलापाशी बिहारकडचा एक मध्यम वयाचा माणूस काम करत होता, आणि त्याच्या उजव्या हाताशी डबी होती. पत्र्याची नव्हे, पाण्याच्या चौकोनी पाइपातून कापलेली, लाल रंग दिलेली. पण खटका तोच, उतार तोच. टक, एक वायसर. टक, एक वायसर. पप्पा खुर्चीतून उठले.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं. अगदी काही माहीत नसल्यासारखं.

त्या माणसानं आमच्या आडनावानं उत्तर दिलं. नुसतं आडनाव. जसं आपण एखाद्या वस्तूचं नाव सांगतो तसं. मला वाटलं माझ्या कानांची चूक झाली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली, अरे, आपलं ते अमुक इकडे दे, माझं जाम झालंय. आणि ते 'अमुक' म्हणजे पुन्हा आमचं आडनाव. एकानं आमच्या आडनावाला खालून दोन टपल्या मारल्या, मग ते चालू झालं.

त्या माणसानं पप्पांना प्रेमानं समजावलं. "दबाइए चाचा. देखा? एक ही आएगा. बहुत बड़ी कंपनी है, पूना की. ये तो डुप्लिकेट है, हमने खुद बनाया. असली माल चिखली में मिलता है."

नंतर कळलं की हे गल्लीचंच काम. व्हिडिओ गेल्यावर डब्यांचे फोटो फिरायला लागले, आणि विचारणाऱ्याला फॅब्रिकेशनवाला सांगायचा, ही कुणाची आहे ते. काका नावाची माणसं या भागात पायलीला पन्नास, म्हणून तो लातूरवाल्या काकांकडून ऐकलेलं आमचं आडनाव सांगायचा. तेवढंच पुढे गेलं. बाकी सगळं गळून पडलं.

मी पप्पांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि मला परक्या ठिकाणी रडलेलं आवडत नाही. हेच आडनाव ऐकून घरमालकांना खोली कालच दिल्याचं आठवायचं. इथं ते ऐकून या माणसाला एवढंच आठवत होतं की माल चांगला आहे. वीस वर्षांचं पेटंट मिळालं असतं तर ही लाल डबी इथं नसती, आणि तिच्यावरून हे नावही कुणी घेतलं नसतं. हे मला कायदा म्हणून आधीपासून माहीत होतं. तिथं उभं राहून पहिल्यांदा पटलं.

पप्पा वाकून डबी बघत होते. "ये नीचे क्या लगाया?"

"चुंबक," तो माणूस म्हणाला. "वायसर नीचे गिरता था, उछलता था. कंपनीवालों ने सोचा ही नहीं."

पप्पांचा चेहरा पडला. मग त्यांनी पुन्हा खटका दाबला. वायसर आला आणि चुंबकावर गप्प बसला, बोटांची वाट बघत. पप्पांनी पुन्हा दाबला. पुन्हा. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या कपाळावर ती आठी पाहिली, जी दिसली की आई घरातल्या वस्तू लपवायला लागते.

"आपका नाम क्या है चाचा?" त्या माणसानं विचारलं.

पप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग पाठ सरळ केली आणि नाव सांगितलं. पूर्ण. पहिलं, वडिलांचं आणि आडनाव, एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या टेबलावरच्यांनीही माना वर केल्या.

त्या माणसानं डबीकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं. "अरे. उसी कंपनी में हैं क्या आप?"

"हां," पप्पा म्हणाले. "शुरू से."

मग त्यांनी माझ्याकडून मोबाईल मागितला, टेबलाशी उकिडवे बसले आणि त्या चुंबकाचा खालून एक फोटो काढून घेतला.